पेटीवाल्याचे नाव : सांगलीतील एका ज्येष्ठ साथीदाराच्या ध्वनिमुद्रणांचे प्रकरण

हे प्रकरण सांगलीच्या गावभागात राहणाऱ्या एका ज्येष्ठ संवादिनीवादकाचे आहे. त्यांच्या आणि कुटुंबीयांच्या संमतीने ते येथे मांडत आहे. ओळख पटू नये म्हणून नाव व काही तपशील बदलले आहेत. घरातले आणि आम्हीही त्यांना नाना म्हणतो, म्हणून येथेही तेच नाव ठेवले आहे. या कामात आम्ही तिघे होतो : एक ध्वनिमुद्रक, एक वकील आणि प्रस्तुत लेखक. लेखक निवृत्त प्राध्यापक असून संगीताचा केवळ श्रोता आहे.

पार्श्वभूमी

नानांचा जन्म 1944 चा. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये 'सीतास्वयंवर' ज्या सांगलीत रंगवले, तिथे संगीत नाटकाच्या तालमी घराच्या ओसरीवरही चालत, आणि नाना वयाच्या सतराव्या वर्षी अशाच एका तालमीत पायपेटीवर, म्हणजे ऑर्गनवर, बसले ते साथीदार होऊनच उठले. पुढची अकरा-बारा वर्षे त्यांनी फिरत्या नाटक मंडळींबरोबर काढली. या काळातले त्यांचे एकही ध्वनिमुद्रण शिल्लक नाही, कारण ते झालेच नव्हते.

सांगलीत आकाशवाणी केंद्र 1963 मध्ये सुरू झाले, तरी पेटीवाल्याला त्याचा तत्काळ उपयोग नव्हता. आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली होती आणि ती साथीपुरती उठायला 1971 उजाडावे लागले. सारंगी आणि व्हायोलिनवाल्यांना रेडिओचे दार उघडे आणि गावात सर्वाधिक वाजणाऱ्या वाद्याला मात्र ते बंद, या विसंगतीवर नाना आजही रागाने नव्हे तर मिश्कीलपणे बोलतात. बंदी उठल्यावर, 1973 मध्ये, त्यांनी ध्वनिचाचणी दिली आणि तेव्हापासून त्यांची पेटी माइकसमोर आली.

खरी ध्वनिमुद्रणाची कारकीर्द कॅसेटच्या लाटेत घडली. 1978 ते 1996 या काळात भजने, गौळणी, भारुडे, नाट्यपदे आणि काही खाजगी शास्त्रीय बैठकी अशा अनेक कॅसेटवर नाना वाजले. कोल्हापूर, पुणे आणि मुंबई येथे जायचे, एका दिवसात साठ मिनिटांच्या कॅसेटच्या दोन्ही बाजू पुऱ्या करायच्या, व्हाउचरवर सही करायची आणि रात्रीची एसटी धरायची, असा तो क्रम होता. कॅसेटच्या वेष्टनावर गायकाचे नाव ठळक, संगीतकाराचे त्याखाली, तबलावादकाचे क्वचित आणि पेटीवाल्याचे बहुधा नाहीच. करार नावाचा कागद नानांनी आयुष्यात पाहिला नव्हता.

अडचण

घरात एकूण 71 कॅसेट आणि 11 स्पूल टेप (उघड्या रिळांवरच्या) होत्या. त्यांपैकी 38 कॅसेट व 6 स्पूल तळमजल्यावरच्या एका पत्र्याच्या ट्रंकेत आणि उरलेल्या माडीवर. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी 57 फुटांवर गेले. तेथे धोक्याची पातळी 45 फुटांची आहे, एवढे सांगितले म्हणजे गावभागातल्या तळमजल्याचे काय झाले असेल ते वेगळे सांगायला नको. घरच्यांनी आधी माणसे हलवली, मग नानांची पेटी माडीवर नेली, आणि ट्रंक राहिली. पूर ओसरल्यावर, चिखलाने माखलेल्या कॅसेट उन्हात वाळवल्या की ठीक होतील या समजुतीने, सुनेने त्या गच्चीवर पसरल्या. हेतू चांगला होता, पण परिणाम उलटा झाला. चुंबकीय टेपवर चिखल वाळून बसला की तो टेपच्या थरासकट निघतो. ओल्या टेपला स्वच्छ, शक्यतो शुद्ध केलेल्या पाण्याने धुऊन सावलीत, वाऱ्यावर हळूहळू वाळवायचे असते आणि पूर्ण कोरडी होईपर्यंत यंत्रात घालायचे नसते. येथे नऊ कॅसेटची कवचे उन्हाने वाकडी झाली होती आणि काहींवर बुरशीचे पांढरे ठिपके उठले होते.

जानेवारी 2022 मध्ये नानांच्या मुलाने आम्हाला बोलावले ते मात्र टेपसाठी नव्हे. नातवाला एका ऑनलाइन संगीतसेवेवर आजोबांच्या काळातली एक भजनाची कॅसेट सापडली होती. मूळ कंपनी बंद होऊन तिचा साठा दुसऱ्या कंपनीकडे गेला होता आणि तिने तो जसाच्या तसा चढवला होता. ते ऐकून नाना उठून बसले आणि म्हणाले, "ही पेटी माझी." खाली श्रेय कोणाचेच नव्हते. मुलाचा प्रश्न सरळ होता : या ध्वनिमुद्रणांवर नानांचा काही हक्क आहे का, असल्यास पैसे मिळतील का, आणि पैसे नसतील तर निदान नाव तरी लागेल का?

त्याच भेटीत एक गोष्ट आमच्यासमोर घडली आणि आम्ही तिच्याकडे दुर्लक्ष केले. नाना दोन वेळा "काय म्हणालात?" असे विचारून डावा कान पुढे करत होते.

समोर असलेले मार्ग

पहिला मार्ग कायद्याचा. वकिलांनी तो नीट तपासला. कॉपीराइट कायदा 1957 नुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क निर्मात्याचा असतो आणि प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे टिकतो. म्हणजे 1984 मध्ये निघालेल्या कॅसेटचा हक्क 2044 अखेरपर्यंत. वादकाला कलावंत म्हणून स्वतंत्र हक्क आहे आणि साथीदारही त्यात येतो, परंतु हा हक्क 1994 च्या दुरुस्तीने आला व मे 1995 पासून लागू झाला. 2012 च्या दुरुस्तीने त्यात व्यापारी वापराच्या मानधनाचा आणि आपले नाव लावून घेण्याचा भाग जोडला. नानांची बहुसंख्य ध्वनिमुद्रणे 1995 च्या आधीची. त्यांना हे हक्क मागे जाऊन लागू होतात असे सांगत न्यायालयात जाणे म्हणजे अनिश्चित आणि लांबच्या रस्त्याला लागणे, असे वकिलांचे मत पडले.

दुसरा मार्ग टेप वाचवण्याचा. त्यातही दोन पोटमार्ग होते. सर्व साहित्य पुण्या-मुंबईच्या एखाद्या व्यावसायिक संस्थेकडे पाठवायचे, किंवा सांगलीतच आमच्या ध्वनिमुद्रकाच्या स्टुडिओत काम करायचे. पाठवण्यात यंत्रे उत्तम मिळाली असती. पण पुराने नाजूक झालेल्या टेप प्रवासात आणखी बिघडण्याची भीती होती, खर्च कुटुंबाच्या आवाक्याबाहेर जात होता, आणि नाना त्या खोलीत नसणार होते. या तिसऱ्या कारणाला आम्ही तेव्हा फारसे महत्त्व दिले नाही. प्रत्यक्षात सर्वांत वजनदार कारण तेच होते.

तिसरा मार्ग नानांच्या आठवणी नोंदवण्याचा. तो सर्वांना मान्य होता आणि म्हणूनच पुढे ढकलला गेला. "नाना कुठे जाणार आहेत? ते आहेतच की," असे मीच म्हणालो होतो.

निर्णय आणि कृती

आम्ही कायद्यापासून सुरुवात केली. फेब्रुवारी ते ऑगस्ट 2022 असे सात महिने आम्ही वेष्टने गोळा करणे, व्हाउचरांच्या कार्बन प्रती शोधणे (तीन सापडल्या), बंद पडलेल्या कंपनीच्या वारसाचा पत्ता काढणे आणि पत्राचा मसुदा पाचदा बदलणे यात घालवले. या काळात नानांचे ऐकणे झपाट्याने कमी झाले. ऑगस्टमध्ये तपासणी केली तेव्हा दोन्ही कानांत वयोमानाने येणारा बहिरेपणा निघाला आणि डावा कान, ज्यावर ते विसंबून होते, तोच अधिक बिघडलेला होता. अशा बहिरेपणात वरच्या कंप्रतेचे आवाज आधी जातात. संवादिनीचा मूळ सूर बराच काळ ऐकू येतो, पण पट्टी दाबल्याचा आवाज, सुराची धार, दोन सुरांमधला श्वास या गोष्टी पुसट होतात. श्रवणयंत्र बोलण्यासाठी बनवलेले असते, त्यातून संगीत ऐकल्यावर नानांनी ते काढून ठेवले आणि म्हणाले, "पेटी पत्र्याच्या डब्यात वाजतेय."

तेव्हा आम्हाला क्रम चुकल्याचे लक्षात आले. टेपवरचा आवाज सावलीत, कोरड्या जागी आणखी दोन-तीन वर्षे तसाच राहिला असता. न्यायाचा मुद्दा तर कधीही मांडता आला असता. तो आवाज ओळखू शकणारा कान मात्र आमच्यासमोर, महिन्यागणिक, कमी होत होता. सप्टेंबरमध्ये पत्रव्यवहार बाजूला ठेवून आम्ही बैठकी सुरू केल्या.

पहिल्या दोन बैठकी फसल्या. मी प्रश्नावली घेऊन गेलो होतो आणि "तुमच्या कारकिर्दीची सुरुवात सांगा" अशा थाटाचे प्रश्न विचारत होतो. नानांनी अर्थातच तीच उत्तरे दिली, जी त्यांनी आजवरच्या सत्कारसमारंभांत दिली असतील : गुरूंचे स्मरण, रसिकांचे प्रेम, ईश्वराची कृपा. तिसऱ्या बैठकीत ध्वनिमुद्रकाने सुचवले की आधी टेप लावू आणि मग बोलू. त्यांनी मधल्या कंप्रतेचे आवाज थोडे उचललेल्या, म्हणजे नानांना ऐकू येईल अशा, वेगळ्या ऐकण्याच्या प्रती तयार केल्या आणि श्रवणयंत्र न लावता चांगल्या हेडफोनमधून त्या ऐकवल्या. तीस-चाळीस सेकंद वाजवायचे आणि थांबायचे. त्यानंतर नाना आपण होऊन बोलू लागले. एका गौळणीच्या सुरुवातीला खोकला ऐकू येतो. तो तबलजीचा, त्याला ताप होता आणि तो तसाच बसला, ही माहिती कोणत्याही वेष्टनावर नसते. दुसऱ्या कॅसेटच्या वेळी मे महिन्यात पंखा बंद ठेवून, बाहेरच्या वाहतुकीमुळे रात्री एक ते पहाटे पाच या वेळात ध्वनिमुद्रण केले आणि दोन बाजूंचे मिळून 125 रुपये मिळाले, हे त्यांना मुखडा ऐकताच आठवले. तोपर्यंत आकडा विचारला की ते "आठवत नाही हो" म्हणत असत.

या बैठकींचा दुसरा उपयोग आम्ही अपेक्षिलाच नव्हता. जुन्या कॅसेट वेगवेगळ्या यंत्रांवर मुद्रित झालेल्या असल्याने त्यांची गती बरोबर असेलच असे नाही, आणि गती सहा टक्क्यांनी वाढली की सूर अर्ध्या स्वराने चढतो. एका नाट्यपदाच्या कॅसेटवर षड्ज, म्हणजे गायकाचा मूळ 'सा', पेटीच्या पांढरी दोन या पट्टीवर येत होता. नाना म्हणाले, ते गायक काळी एकच्या, म्हणजे तिच्याहून अर्ध्या स्वराने खालच्या पट्टीच्या, वर कधी गेले नाहीत, आणि शेजारी माडीवरून उतरवलेली त्यांची पेटी होतीच. पेटीचा सूर धरून गती खाली आणली आणि अट्ठावीस मिनिटांची बाजू तीस मिनिटांच्या जवळ गेली. ध्वनिमुद्रकाला हे काम एकट्याने करता आले नसते, कारण पांढरी दोन हे चूक आहे असे सांगणारा पुरावा टेपमध्ये नव्हता.

टेपच्या दुरुस्तीचे काम नंतर, ऑक्टोबर 2022 पासून, शांतपणे झाले. बुरशी लागलेल्या कॅसेट वेगळ्या खोलीत, तोंडावर मास्क लावून स्वच्छ केल्या. वाकड्या कवचांतली टेप पाच स्क्रूंच्या नव्या कवचात बसवली. प्रत्येक कॅसेटसाठी यंत्रातल्या हेडचा, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाचा, कोन वेगळा जुळवला. प्रती 96 किलोहर्ट्‌झ, 24 बिट या दर्जाच्या केल्या; त्याला तासाला सुमारे दोन जीबी जागा लागते. पुतण्याने 2003 मध्ये काही कॅसेट सीडीवर उतरवल्या होत्या, म्हणून त्या सुरक्षित आहेत असे सर्वजण समजत होते. त्या अकरापैकी सात सीडी कोणत्याही यंत्राने वाचल्या नाहीत. घरी उतरवलेल्या सीडीवर विसंबणारी अनेक कुटुंबे आहेत, म्हणून हे मुद्दाम नोंदवतो.

जुना साठा घेतलेल्या कंपनीला पत्र शेवटी एप्रिल 2023 मध्ये गेले. त्यात नोटिशीची भाषा नव्हती, पैशाची मागणी नव्हती. कोणत्या कॅसेटच्या कोणत्या पदात कोण वाजले आहे याची यादी, वेष्टनांची छायाचित्रे आणि नानांच्या बोलण्याचे उतारे जोडून केवळ नावे लावावीत अशी विनंती होती. हा मसुदा एका आठवड्यात तयार झाला, कारण बैठकींतून माहिती हाती आली होती. आधीचे पाच मसुदे रिकाम्या हाताने लिहिलेले होते.

निष्पत्ती

पुरात भिजलेल्यांपैकी पाच कॅसेट आणि दोन स्पूल वाचले नाहीत. उरलेल्या 66 कॅसेट व 9 स्पूल मिळून सुमारे 72 तासांचा आवाज, जवळपास दीडशे जीबी, आता तीन ठिकाणी आहे : माडीवर, स्टुडिओत आणि नानांच्या लेकीकडे पुण्यात, म्हणजे कृष्णेच्या पाण्यापासून दूर. चौदा बैठकींचे ध्वनिमुद्रण आणि लिप्यंतर पूर्ण झाले आहे.

कंपनीकडून चार महिन्यांनी उत्तर आले. आम्ही कळवलेल्या 24 शीर्षकांपैकी नऊ शीर्षकांत संवादिनीवादक म्हणून नानांचे नाव लागले. उरलेल्यांबाबत पुरावा अपुरा असल्याचे कळवण्यात आले आणि त्यातल्या काहींबाबत ते खरेही होते. पैसे मिळाले नाहीत. मुलाला याचे वाईट वाटले आणि त्याचे वाईट वाटणे अवाजवी नाही. ज्या माणसाच्या वादनावर एखादी वस्तू चाळीस वर्षे विकली जाते त्याला त्यातून काही मिळू नये, हे आम्हालाही पटलेले नाही. नानांनी नऊ हा आकडा ऐकून फक्त, तबलजींची नावे लागली का, असे विचारले. ती सहा ठिकाणी लागली होती, कारण यादीत आम्ही तीही दिली होती.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी चूक क्रमाची होती आणि ती वर आलीच आहे. आज असे काम हाती घेतले तर पहिल्या आठवड्यात वृद्ध कलावंताची श्रवणतपासणी करून घेईन आणि दुसऱ्या आठवड्यात त्यांना टेप ऐकवायला बसेन, मग त्या टेपची प्रत कितीही खडबडीत का असेना. आमच्याकडे माडीवरच्या, न भिजलेल्या 33 कॅसेट पहिल्या दिवसापासून वाजवता येण्याजोग्या होत्या. एका साध्या कॅसेट प्लेअरवर हे जानेवारीतच सुरू झाले असते. सात महिन्यांत नानांच्या डाव्या कानाने काय गमावले याचा हिशेब करता येत नाही. पण शेवटच्या चार बैठकींत त्यांनी "नीट लागत नाही" म्हणून सोडून दिलेली पदे आम्ही मोजली आहेत, ती सतरा आहेत.

दुसरी गोष्ट तबलजींची. नानांबरोबर वर्षानुवर्षे वाजलेले दोन तबलावादक हयात होते. त्यांना बैठकीला बोलवावे असे नानांनीच सुचवले होते, आणि आम्ही, एका वेळी एकाच माणसाची मुलाखत घ्यावी अशा पुस्तकी शिस्तीपायी, ते टाळले. त्यांतल्या एकांचे 2023 च्या पावसाळ्यात निधन झाले. साथीदारांच्या आठवणी एकमेकांत अडकलेल्या असतात : पेटीवाल्याला तबलजीचा ताप आठवतो, तबलजीला पेटीवाल्याचे मानधन आठवत असणार.

तिसरी बाब अजून सुटलेली नाही. कुटुंबाला सर्वांत अभिमान असलेली एक नाट्यपदांची कॅसेट आहे. गायक नामवंत, वेष्टनावर साल नाही आणि साथीदारांची नावेही नाहीत. नानांनी ती दोनदा ऐकली आणि ही पेटी माझी नाही असे सांगितले. तानेच्या शेवटी भाता असा सोडण्याची मला सवय नाही, हे त्यांचे कारण. मुलाचे म्हणणे असे, की आता नानांना नीट ऐकूच येत नाही, आणि आई हयात असताना हीच कॅसेट "ह्यांची" म्हणून लावत असे. येथे एक खूण उपयोगी पडेल असे वाटले होते. नानांच्या पेटीची मधल्या सप्तकातली काळी चारची पट्टी सैल आहे आणि ती दाबली की बारीक खट्ट आवाज येतो. तारखा माहीत असलेल्या कॅसेटांत हा आवाज 1981 नंतर सर्वत्र सापडतो आणि त्याआधी कुठेही नाही. वादग्रस्त कॅसेटमध्ये ती पट्टी अनेकदा वाजते आणि खट्ट होत नाही. त्यामुळे ती 1981 नंतरची असेल तर पेटी नानांची नाही, आणि आधीची असेल तर खूण काहीच सांगत नाही.

कंपनीला पाठवलेल्या यादीत ही कॅसेट घालावी असा मुलाचा आग्रह होता. आमच्यात दोन मते पडली. यादीतली एक नोंद खोटी ठरली तर बाकी सर्व नोंदींवर संशय येईल, हे वकिलांचे म्हणणे मान्य करून आम्ही ती वगळली, आणि मुलगा दोन महिने आमच्याशी बोलला नाही. संग्रहात ती "अनिश्चित" या नोंदीखाली ठेवली आहे. नानांचा नकार, मुलाचे म्हणणे आणि पट्टीची हकिगत अशी तिन्ही टिपणे तिच्यासोबत आहेत. पेटीचे काम करणाऱ्या मिरजेच्या कारागिराने पट्टी दुरुस्त करून देण्याची तयारी दाखवली होती. नानांनी त्याला ती आहे तशीच ठेवायला सांगितले.